साच्यात न बसलेले तेवीस

सां-आल्फेज, २४ जुलै

एलवा,

फोनवर तू नुसता हं-हं करतोस आणि मग मला शिव्या सुचतात, म्हणून लिहितेय. कागदावर तुला हं म्हणता येणार नाही.

सोबत गुरुवारच्या पेपरातलं कात्रण आहे. 'चार हंगाम बर्फावरची हॉकी खेळूनही मेंदूच्या धाग्यांत फरक नाही. दोनशे तेरा तरुणांची तपासणी.' खाली तुमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर व्हायांकूरबाई पांढऱ्या कोटात हसतायत. अशी दोन कात्रणं होती. एक तुझ्या रेआलकाकाने फ्रिजवर चिकटवलंय, अगदी माझा यानिक दूध काढायला वाकतो त्या उंचीवर. काल जेवताना रेआल त्याला म्हणाला, "आता दुसरं काहीतरी निमित्त शोध." यानिक उठला. खिमा-बटाट्याच्या पाते-शिनोआचं ताट तसंच ठेवून खाली तळघरात जाऊन बसला, दिवा न लावता.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागतोस. तो बावीस वर्षांचा आहे. हॉकीत डोक्याला धडका बसल्यापासून घरात काळा चष्मा लावून बसतो. किटली ठेवतो आणि विसरतो, दोन जाळल्या. जूनमध्ये लाकडाच्या गिरणीत कामाला लागला, नऊ दिवस टिकला. आमचा डॉक्टर म्हणतो, मनाचं आहे.

आणि आता धाकटा लोइक. चौदाचा झाला. पंधराखालच्या मुलांना अंगावर जाऊन धडक मारायची परवानगी द्यायची की नाही, यावर १४ सप्टेंबरला हॉकीच्या आरेनात आपल्या विभागाच्या हॉकी संघटनेची सभा आहे, मतदान आहे. सगळे हेच कात्रण हातात घेऊन फिरतायत. लोइकच्या फॉर्मवर रेआलने सही करून टाकली. आईबापांपैकी एकाची पुरते. तो त्यांचा प्रशिक्षक, म्हणजे बघायलाच नको.

दोन वर्षांपूर्वी तूच यानिकला बसमध्ये घालून मॉन्ट्रियलला घेऊन गेलास. 'तुझ्यामुळे लहान पोरांचं भलं होईल' म्हणालास, याच स्वयंपाकघरात, माझ्याच हातची ब्लूबेरीची पाई खात. डोकं फुटत असताना तो मेंदू तपासायच्या त्या धडधडणाऱ्या नळीत पन्नास मिनिटं पडून राहिला.

आता एकच सांग. त्या दोनशे तेरांत माझा यानिक आहे ना? आणि तो असूनही फरक नाही?

मारियेल


मॉन्ट्रियल, ३१ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मी आधी कच्चं लिहिलं आणि मग हे पक्कं लिहितो आहे. चुकीचं काही तुझ्या हातात पडू नये, एवढीच इच्छा.

आमच्या यंत्राला मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेला सरकतं ते कळतं. धाग्यांच्या कडेने पाणी सहज वाहतं, आडवं वाहत नाही, त्यावरून धागे कुठून कुठे गेलेत आणि किती धड आहेत हे समजतं. पण प्रत्येकाच्या मेंदूचा आकार वेगळा. एकाचा लांबट, एकाचा रुंद. एकाचा अमुक धागा दुसऱ्याच्या त्याच धाग्याशी ताडून बघायचा, तर आधी सगळे मेंदू एका मापाचे करावे लागतात. त्यासाठी एक प्रमाण नकाशा असतो. आम्ही त्याला साचा म्हणतो. अनेक निरोगी तरुणांचे मेंदू एकत्र करून तो बनवलेला आहे. संगणक प्रत्येक मेंदू ताणून, दाबून, वळवून त्या साच्यावर बसवतो.

माझं काम त्यानंतरचं. बसवलेला मेंदू पडद्यावर आणायचा, वर साच्याची रेघ ठेवायची आणि एकेक काप बघायचा. रेघ जुळली तर हिरवा रंग. नाही जुळली तर संगणकाला पुन्हा प्रयत्न करायला लावायचा. तीन प्रयत्नांनंतरही जुळली नाही तर लाल. लाल पुढच्या हिशोबात जात नाहीत, कारण नीट न बसलेल्या मेंदूत एका धाग्याच्या जागी भलताच धागा मोजला जातो. दोनशे छत्तीस जणांचे आले होते, त्यातले दोनशे तेरा पुढे गेले. कोण हॉकीवाला आणि कोण तुलनेसाठी घेतलेला, धडका न खाणारा धावपटू हे मला सांगत नाहीत, फक्त क्रमांक देतात. माझा हात कोणाच्या बाजूने झुकू नये म्हणून.

त्यामुळे काम प्रामाणिकपणे झालेलं आहे. यानिकचा त्यात वाटा आहेच. निष्कर्ष सरासरीचा असतो, एकट्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही. काकांना हे सांगितलंस तर त्यांचा गैरसमज दूर होईल.

मी कॉलेज अर्धवट सोडलं, तरी बाईंनी मला हे काम दिलं ते माझी नजर बारीक आहे म्हणून. ते मी नीट करतो.

तुझा,
एलवा


सां-आल्फेज, ६ ऑगस्ट

एलवा,

छान लिहितोस. एक अक्षर चुकलेलं नाही. शाळेत असतं तर बाईंनी वर चांदणी काढली असती.

तुझ्या काकाला वाचून दाखवलं. 'गैरसमज दूर होईल'पर्यंत आले आणि तो म्हणाला, "बघ, तुझा भाचाही हेच म्हणतोय." आणि बर्फाच्या यंत्राचा पट्टा बदलायला आरेनात निघून गेला.

मग मी शिलाईच्या मशीनवर बसले. या आठवड्यात पंधराखालच्या संघाचे खेळायचे स्वेटर शिवायला आहेत, सतरा नग. एकीकडे शिवत होते आणि एकीकडे तुझं पत्र डोक्यात फिरत होतं.

आता मी सांगते, तू ऐक. माझ्याकडे पण साचा आहे. कागदाचा, मधल्या मापाचा, कंपनीने पाठवलेला. प्रत्येक पोराला मी तो अंगावर लावून बघते. बहुतेकांना थोडं इकडे-तिकडे करून बसतो. पण जेरेमीचा एक खांदा मोडून वर जुळलाय, त्याला बसत नाही. जाड्या फेलिक्सला बसत नाही. बोआव्हेरच्या नातवाला बसत नाही. समज, मी तीनदा लावून बघितला आणि नाही बसला म्हणून ती तीन पोरं यादीतून काढून टाकली. उरलेल्या चौदांची मापं लिहिली आणि पेपरवाल्याला सांगितलं, आमच्या संघात सगळी पोरं मधल्या मापाची आहेत, कोणाचा खांदा मोडलेला नाही. तू मला काय म्हणशील?

मी तर स्वतःला खोटारडी म्हणेन. आणि मला कॉलेजचं तोंड माहीत नाही.

दोनशे छत्तीसातून दोनशे तेरा गेले की तेवीस राहतात. तू ते पत्रात असे ठेवलेस जसे मी जुन्या चिंध्या मशीनखाली ढकलते. ते तेवीस कोण? हॉकीवाले किती आणि धावणारे किती?

आणि 'यानिकचा त्यात वाटा आहेच' म्हणजे काय? मी वाटा विचारला नव्हता. तो आहे का, विचारलं होतं. माझी बहीण, तुझी आई, लहानपणी खोटं बोलायची तेव्हा अशीच गोल वाक्यं करायची.

मारियेल


मॉन्ट्रियल, १३ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं.

अभ्यासात सहभागी झालेल्या कोणत्याही व्यक्तीची माहिती तिच्या नातेवाइकांना देण्याची मला मुभा नाही. तसा कागद मी नोकरीच्या पहिल्या दिवशी सही करून दिला आहे. कोणते मेंदू वगळले आणि का, याचा उल्लेख छापलेल्या लेखात एका ओळीत आहे, तो कोणीही वाचू शकतो.

तब्येतीची काळजी घे. यानिकला आठवण सांग.

एलवा


सां-आल्फेज, १६ ऑगस्ट

नातेवाईक?

तुझ्या आईचं दुसरं लग्न मोडलं तेव्हा अकरा महिने तू यानिकच्या खोलीत झोपलास. त्याने वरचा पलंग तुला दिला. पोरं तुला भित्रा म्हणून चिडवायची, तेव्हा त्याने एकाचं नाक फोडलं आणि घरी आल्यावर मार मी दिला, त्याला. आज मी नातेवाईक.

ऐक काय झालं. काल त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. गाडीत त्याने दोनदा ओकारी केली. डॉक्टर, तोच तो रुबेन, टेबलावरून तेच कात्रण उचलून त्याच्यासमोर धरतो. म्हणतो, "यानिक, मी तुला गोळ्या देऊ शकतो, पण आधी तुला मान्य करायला हवं. यात तुझ्यासारखी शंभर पोरं आहेत. सगळ्यांची डोकी ठीक आहेत. तुझंच का दुखावं?"

यानिक मला म्हणाला, "आई, मी खरंच नाटक करतोय का?"

विचारत होता तो मला. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तुझ्या मामाला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. आमच्याकडच्या शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्याच, त्यातली एक सोडली नाही, अगदी मेणबत्तीच्या दांड्यापर्यंत गेले. यानिक शेवटी हसला. महिन्याने हसला असेल.

आता पुन्हा 'मुभा नाही' असं लिहायचं असेल तर पोस्टाचं तिकीट वाया घालवू नकोस.


मॉन्ट्रियल, २७ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र मी कच्चं लिहिलेलं नाही. चुका असतील तर असू दे.

यानिक त्या दोनशे तेरांत नाही. त्याला लाल रंग दिला होता. तो मीच दिला.

क्रमांक १४१. आम्हाला नावं कळत नाहीत, पण त्या दिवशी त्याला मी स्वतः नळीत झोपवलं होतं, त्याच्या मनगटावर पट्टी मीच बांधली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं की हा क्रमांक मला ओळखू येतो, याचा मेंदू दुसऱ्या कोणाकडे द्या. मी सांगितलं नाही. मला वाटलं, मग माझ्याकडून हे कामच काढून घेतील.

सात महिन्यांपूर्वी तो पडद्यावर आला. प्रत्येकाच्या मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात. यानिकच्या साच्यातल्या पोकळ्यांपेक्षा मोठ्या होत्या. संगणक त्या दाबून बसवायला गेला की दोन्ही बाजूंना जोडणारा मधला धागा घसरून पाण्यात पडायचा. प्रयत्न तीनच करायचे असतात. त्याच्यासाठी मी सात केले. तो बसावा, असं मला फार वाटत होतं. तो हिरवा झाला असता तर मला निश्चिंत झोप लागली असती. सातव्या वेळीही धागा पाण्यातच. मग लाल दिला आणि पुढचा उघडला.

तुझं स्वेटरचं पत्र आल्यावर मला एकच गोष्ट करायची होती. लेख छापून आल्यापासून कोण कुठल्या गटातला ही यादी आम्हा सर्वांना उघडी आहे. बघायला दहा मिनिटं पुरली असती. मी दहा दिवस बघितली नाही, उलट तुला ते कोरडं पत्र पाठवलं. सोळा तारखेचं तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघितली.

सुरुवातीला एकशे अठरा हॉकीवाले होते आणि एकशे अठरा धावणारे. लाल तेवीस. त्यात धावणारे तीन. हॉकीवाले वीस.

मी पुन्हा मोजले, मग कागदावर रेघा मारून मोजले. वीसच. त्या विसांपैकी सोळांच्या पोकळ्या मोठ्या होत्या, म्हणजे भोवतालचा मेंदू आक्रसलेला असू शकतो. ज्यांची डोकी सगळ्यात बिघडलेली असण्याची शक्यता होती, तेच साच्यात बसले नाहीत. आणि मी, कोण कुठला हे माहीत नसताना, स्वच्छ हाताने, एकेक करून त्यांना बाहेर काढत गेलो. उरलेल्यांत फरक दिसला नाही, यात नवल काय?

मी बाईंकडे गेलो. आमचं बोलणं जसं झालं तसं लिहितो.

त्या म्हणाल्या, "तीन प्रयत्नांचा नियम कोणी लिहिला?"

"तुम्ही."

"कधी?"

"पहिला माणूस यंत्रात जायच्या आधी."

"तू तो पाळलास?"

"हो." सातबद्दल मी गप्प राहिलो.

"मग तक्रार कसली आहे, एलवा?"

"नियमाबद्दल नाही, मॅडम. नियमाने कोण बाहेर पडलं, ते आपल्यापैकी कोणीच बघितलं नाही."

"तुला बघायला ठेवलेलं नाही. रंग द्यायला ठेवलं आहे."

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी आकडे वाचले आणि चष्मा काढून पुसला. त्या वाईट नाहीत, मावशी. मला तेव्हा त्या वाईट असत्या तर बरं, असं वाटलं. मग म्हणाल्या, साचा बदलावा लागेल. या मुलांच्याच मेंदूंचा नवा साचा बनवायचा, सगळ्यांना पुन्हा बसवायचं. वर्ष तरी लागेल. मग दुरुस्ती छापू. "तोपर्यंत ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही."

मी म्हणालो, "आमच्या गावात १४ सप्टेंबरला मतदान आहे."

त्या म्हणाल्या, "गावातली मतदानं माझ्या हातात नाहीत."

पेपरात फोटो देणं मात्र त्यांच्या हातात होतं, हे मला जिन्यात सुचलं. मला सगळं जिन्यातच सुचतं.

यानिकला काय सांगायचं ते मला कळत नाही.

एलवा


सां-आल्फेज, १ सप्टेंबर

एलवा,

मी पत्र वाचलं, घडी घातली, आणि गॅरेजमध्ये जाऊन बाटल्यांचा एक क्रेट फोडला. रिकाम्या. भरलेल्या फोडण्याइतकी अजून बिघडलेली नाही.

सात महिने. तू नाताळच्या सुमाराला इथे मांसाची टूर्तिएर खायला आला होतास, त्यानंतर लगेच हे झालं. ईस्टरला पुन्हा आलास. त्याच्या शेजारी बसून पत्ते खेळलास. त्याने पत्ते उलटे धरले होते, ते तू सरळ करून दिलेस. सगळं माहीत असताना. तुझ्या बाईला वाईट म्हणायला मी तयार आहे, पण रांगेत ती तुझ्या मागे उभी आहे.

रडत बसू नकोस, त्याचा कोणाला उपयोग नाही. तू मला ओळखतोस आणि तुला शुद्ध लिहिता येतं, त्याचा उपयोग कर. मला एक कागद हवा. सभेत वाचता येईल असा. किती आले, किती काढले, त्यात कोण किती, का काढले. एकाचंही नाव नको, यानिकचंही नको. शेवटी तुझं नाव, पूर्ण, सहीसकट. 'एक जाणकार' वगैरे नको. सही नसलेला कागद मी वाचला तर सभेचा अध्यक्ष बोआव्हेर म्हणेल, मारियेलने स्वतःच मशीनवर बसून शिवलाय.

तू सही केलेला तो पहिल्या दिवसाचा कागद मला माहीत आहे. मी तुला फसवत नाही, तुझी नोकरी जाईल. तुझ्यासारख्याला तशी दुसरी मिळणार नाही, हेही मला कळतं. पण एका वर्षाने तुमची दुरुस्ती छापून येईल तेव्हा लोइक एक अख्खा हंगाम खेळलेला असेल. रेआलने त्याला काल अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर खांदा मारायला शिकवलं. पोरगं इतकं खूश होतं की मला आत जावं लागलं.

सहीला का-कू करायची असेल तर आत्ताच नाही म्हण. मी दुसरं काही बघेन.

मारियेल


मॉन्ट्रियल, ७ सप्टेंबर

मावशी,

कागद सोबत आहे. एकच पान. तू अडखळू नयेस म्हणून ओळी मोठ्या ठेवल्या आहेत.

एक गोष्ट कृपा करून जशीच्या तशी वाच. मी कुठेही असं लिहिलेलं नाही की हॉकीने मेंदू बिघडतो. ते मला माहीत नाही. मी लिहिलं आहे ते असं: 'या अभ्यासावरून फरक नाही असं म्हणता येत नाही, कारण ज्यांच्यात फरक असू शकत होता त्यातले बरेच जण मोजण्याआधीच काढले गेले. काढणारा मी होतो.' तू रागात दोन शब्द वाढवलेस तर ते त्या दोन शब्दांना धरतील आणि बाकी सगळं सोडून देतील.

पाठवायच्या आधी मी त्याची एक प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली. चोरून करायचं नव्हतं. त्यांनी उभ्यानेच वाचली. म्हणाल्या, "तू वर्षभर थांबू शकला असतास, आणि तुझं नाव दुरुस्तीवर आलं असतं. तुझ्यासारख्या मुलाचं नाव अशा लेखावर कधी येतं का?" मी म्हणालो, सात प्रयत्न केले होते मी, तीन नाही. हेही कागदात आहे. तेव्हा त्यांना खरा राग आला. नियम मोडल्याचा. म्हणाल्या, आता बाकीच्या दोनशे पस्तीसांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? त्या बरोबर बोलत होत्या.

दार उघडायचं कार्ड मी सोमवारी परत केलं. कपाटातून माझा मग आणि चष्मा पुसायचं कापड घेतलं. माझ्या जागी जो बसेल त्याच्यासाठी एका कागदावर लिहून ठेवलं की लाल देताना पोकळ्यांची रुंदी शेजारी लिहावी. तो लिहील की नाही, माहीत नाही.

सभेत काय झालं ते कळव. मी फोन करणार नाही. मी पुन्हा हं-हं करेन.

एलवा


सां-आल्फेज, १७ सप्टेंबर

एलवा,

हरलो. आधी ते सांगते, म्हणजे तू पुढची पानं धडधडत वाचणार नाहीस. एकसष्ट विरुद्ध चव्वेचाळीस. पंधराखाली धडक सुरू.

आरेनाच्या वरच्या खोलीत सभा होती, तिथे फ्राइजच्या तेलाचा वास असतो. बोआव्हेरने आधी कात्रण वाचलं, पाद्री बायबल वाचतो तसं. मग मी उठले. मागून कोणीतरी म्हणालं, "मारियेल, बाह्या उसवल्या का कुठे?" लोक हसले. मी तुझा कागद वाचला. एक शब्द वाढवला नाही. जीभ चावली, पण वाढवला नाही.

'काढणारा मी होतो' आणि खालचं तुझं नावही वाचलं. मग बोआव्हेर म्हणाला, "हा तोच ना, ज्याने कॉलेज पूर्ण केलं नाही?" मी म्हटलं, "हो, तोच. तुमच्या नातवाच्या स्वेटरचं माप मीही कॉलेजात न जाताच घेतलंय, आणि तो साच्यात बसत नाही, म्हणून मी त्याला उघडा नाही पाठवला." यावर जेरेमीची आई टाळ्या वाजवायला लागली आणि कोणी तिला थांबवेना. चव्वेचाळीस मतं तिथून आली असं मला वाटतं. आधी वीसही नव्हती.

रेआल सगळा वेळ दाराशी उभा होता, प्रशिक्षकाचं जाकीट घालून. माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, घरी गेल्यावर भांडण होणार. मी तयारच होते.

ट्रकमध्ये बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही. विचारलं, "त्या विसांत आपला होता?"

मी म्हटलं, "नावं सांगायची मुभा नाही."

"मारियेल."

"होता."

तो म्हणाला, "मी ते त्याच्यासमोर फ्रिजवर लावलं." बस, एवढंच. मग समोरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघत बसला, आरेनातलं यंत्र बर्फ खरवडून बाहेर टाकतं तो, काळा पडलेला. तू मला ओळखतोस, मी त्याचा हात धरला नाही. मनात म्हटलं, बस, बसून बघ.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत जाऊन लोइकच्या फॉर्मवरची आपली सही खोडून आला. खोडायची सोय नव्हती, त्यांच्याकडे तसा रकानाच नाही, म्हणून त्याने फॉर्मच फाडला आणि कारकून बाईशी वाद घातला. प्रशिक्षकाची शिट्टी टेबलावर ठेवली. चाळीस मिनिटांवर माकामिकच्या बाजूला बिनधडकीचा एक संघ आहे, त्यात मुली पण आहेत. लोइकला तिथे घातलं. लोइकने आपल्या खोलीच्या दाराला लाथ मारून भोक पाडलं. तो आमच्या दोघांशी बोलत नाही. म्हणतो, आम्ही त्याचं आयुष्य वाया घालवलं. रोज सकाळी मी त्याच्यासमोर टोस्ट ठेवते आणि तो ते न बघता खातो. माझा राग आहे तसाच आहे, रेआलवर, बोआव्हेरवर, रुबेन डॉक्टरवर. पण तो टोस्ट खाताना मला त्याची मान दिसते, ताठ, दोन्ही कानांच्या मधोमध.

कात्रण फ्रिजवर नाही. चुंबक आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू सही केलीस, ते मी मानते. रांगेतून एक जागा मागे गेलास. पण यानिकला अजून काही माहीत नाही. त्याला वाटतं तो दोनशे तेरांपैकी एक आहे आणि नाटक करतोय. मी सांगणार नाही. रेआल सांगायला निघाला होता, मी अडवलं.

शनिवारच्या बसने ये. आठ तास जंगलातून येताना वाक्यं जुळवू नकोस, ती मला नकोत आणि त्यालाही नकोत. त्याच्यासमोर बसायचं आणि सांगायचं की तो नाटक करत नव्हता, आणि हे तुला सात महिन्यांपूर्वी माहीत होतं. ही दुसरी गोष्ट गिळायची नाही. मी शेजारच्या खोलीत मशीनवर असेन. मशीन बंद असेल.

मारियेल